मीटरच्या आधी बफर

पीएच मापनाच्या इतिहासात कौतुक बहुधा उपकरणाच्या वाट्याला येते: आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ साली कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी बनवलेल्या मीटरच्या. माझ्या मते त्यावर आधी हक्क आहे तो बफर द्रावणांचा आणि तापमानाच्या नोंदीचा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये पीएचची कल्पना मांडली, तेव्हाच तिच्या जोडीला ठरावीक बफर दिले आणि मोजमापे १८ अंश सेल्सिअसला केली. ही शिस्त मला त्या कल्पनेइतकीच मोलाची वाटते. कारण काचेचा इलेक्ट्रोड पीएच सांगतच नाही, तो नुसते मिलिव्होल्ट देतो: एका पीएचमागे २५ अंशांना ५९.१६, शून्य अंशाला ५४.२०. त्यांचा अर्थ लागतो तो ज्ञात द्रावणाशी ताडल्यावरच.

कोणी म्हणेल, आता तापमानाचा सेन्सर प्रोबमध्येच असतो, मग चिंता कसली? पण त्या सेन्सरमुळे इलेक्ट्रोडचा उतार, म्हणजे एका पीएचमागचे मिलिव्होल्ट, तेवढा सुधारतो. बफर स्वतःही बदलतो; बोरॅक्सचे प्रमाण द्रावण २५ अंशांना ९.१८ असते, शून्याला ९.४६. नव्या मीटरमध्ये बफरांचे तक्ते साठवलेले असतात हे खरे, पण त्यातला कोणता आकडा उचलायचा हे सेन्सरच ठरवतो. तो चुकला की उतारही चुकतो आणि बफरचा आकडाही. म्हणून बफरची बाटली उघडण्याआधी सेन्सर वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का, ते पाहावे लागते.