हजचे तिकीट आणि निवडीचा हक्क

मुसलमानांच्या हजच्या अनुदानावर आपल्याकडे खूप वाद झाले. पण तो पैसा नेमका कुठे जात होता, हे फार थोड्या लोकांनी विचारले. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८८६ मध्ये इंग्रज सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक या कंपनीकडे सोपवली. हेतू चांगला होता, पण कंपनीची स्वतःची जहाजे नव्हती. ती भाड्याने घ्यावी लागत. काही वर्षांतच हा व्यवहार बंद पडला. पुढे मुंबई-जेद्दा मार्गावर मोगल लाइनचा दबदबा राहिला. १९३७ च्या सुमारास सिंधिया कंपनीने 'एल मदिना' हे जहाज या मार्गावर आणले, तेव्हा दोन कंपन्यांत भाडे उतरवण्याची चढाओढ लागली. फायदा झाला तो गरीब हाजींचा. स्पर्धा आली की भाडे उतरते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९९५ पासून जहाजे बंद झाली आणि सारा भार विमानांवर आला. हज कमिटीच्या हाजींची आसने भारत आणि सौदी अरेबियाच्या विमान कंपन्यांत वाटली जात. कोणत्या विमानाने जायचे, हे हाजी ठरवत नसे. अनुदान हाजीच्या नावाने निघे, पण रक्कम विमान कंपनीकडे जाई. टोमणे मात्र हाजीने ऐकायचे!

८ मे २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी हे अनुदान दहा वर्षांत संपवण्याचा आणि तो पैसा समाजाच्या शिक्षणासाठी वापरण्याचा निकाल दिला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने अनुदान बंद केले. त्याच वर्षी १,७५,०२५ भारतीयांनी हज केला. मुंबईहून २०१३-१४ ला सुमारे ९८ हजार असलेले भाडे २०१८ ला सुमारे ५८ हजारांवर आले. अनुदान गेल्यामुळेच भाडे उतरले, असे मी म्हणणार नाही. पण अनुदानाशिवाय हज होणार नाही, ही भीती खोटी ठरली. त्याच वर्षी जवळचे महागडे विमानतळ सोडून दुसऱ्या विमानतळावरून निघण्याची मुभाही मिळाली. औरंगाबादच्या हाजीला मुंबई निवडता आली.

उमऱ्यासाठी तर निवड पूर्णपणे आपल्या हातात आहे. मी शिक्षक, म्हणून मोहल्ल्यातले बुजुर्ग तिकिटाचा कागद वाचून घ्यायला येतात. बहुतेकांनी एजंटने सांगितलेला आकडा तेवढा पाहिलेला असतो. मी त्यांना चार गोष्टी विचारायला सांगतो. विमान थेट जेद्दा-मदिनेला जाते की शारजा, मस्कतला थांबते? थांबा किती तासांचा? सामान आणि जमजमचे पाणी भाड्यात धरले आहे का? तारीख बदलली तर किती पैसे कापतात? गुडघे दुखणाऱ्या अम्मीला परक्या विमानतळावर रात्र काढावी लागली, तर वाचलेले चार-पाच हजार महागच पडतात. तरुण मुलाला मात्र तोच थांबा परवडतो.

हज ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच फर्ज आहे. ही ऐपत लोक आयुष्यभर पै-पै साठवून उभी करतात. तो पैसा कोणाच्या हाती द्यायचा, हे विचारून, तपासून ठरवणे हाही आपला हक्क आहे. तो आपण वापरायला हवा.