अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि पोटाची औषधे

पक्षाघात, कंपवात किंवा खुब्याचे हाड मोडल्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा आज अनेक घरांत कुटुंबीय आणि ब्युरोमार्फत आलेली मावशी मिळून करतात. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी देताना ही मंडळी दक्ष असतात. पित्ताची गोळी, जुलाबाचे औषध, इसबगोल यांबाबत मात्र ‘त्याने काय होणार’ अशीच भावना दिसते. वास्तविक ही औषधे चुकीच्या पद्धतीने दिल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

एक नेहमीचा प्रसंग पाहू. चार-पाच दिवस शौचास न झालेल्या वृद्धाला एकाएकी थोडेथोडे पातळ होऊ लागते, कपडे वारंवार खराब होतात. जुलाब लागले असे समजून लोपरामाइडची गोळी दिली जाते. प्रत्यक्षात गुदाशयात घट्ट खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. लोपरामाइडने आतड्याची हालचाल आणखी मंदावते आणि अडथळा वाढतो. म्हणून शौचाची रोजची नोंद वहीत ठेवावी आणि अशा वेळी गोळी देण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. ताप असताना किंवा शौचातून रक्त जात असतानाही लोपरामाइड परस्पर देऊ नये. फॉस्फेटचा एनिमाही मनाने देऊ नये. वृद्ध आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये त्याने शरीरातील क्षारांचे संतुलन धोकादायक रीतीने बिघडू शकते.

तोंडाने औषध देताना रुग्णाला शक्य तितके ताठ बसवावे व नंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. बद्धकोष्ठतेवरील काही पांढऱ्या, दुधाळ औषधांत मिल्क ऑफ मॅग्नेशियाबरोबर लिक्विड पॅराफिन असते. हे तेलकट द्रव्य श्वासनलिकेत गेले तरी पुष्कळदा ठसका लागत नाही आणि न्यूमोनिया होतो. गिळण्यास त्रास असणाऱ्या रुग्णाला ते देऊ नये. इसबगोलही अशा रुग्णाला वर्ज्य, कारण पाणी कमी पडल्यास ते घशातच फुगते.

गोळी गिळता येत नाही, की घरात खलबत्ता बाहेर निघतो! पँटोप्राझोलच्या गोळीवरील आवरण औषधाला जठरातील आम्लापासून वाचवते. गोळी कुटली, की औषध आतड्यात पोहोचण्यापूर्वीच निकामी होते. बिसाकोडिलचे आवरण जठराचा दाह टाळण्यासाठी असते, म्हणून ती गोळी कुटू नये आणि दूध वा अँटासिडबरोबरही देऊ नये. ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडून आतील दाणे सफरचंदाच्या गरात मिसळून देता येतात, पण ते चावू वा चिरडू नयेत. ही पित्ताची औषधे न्याहारीपूर्वी अर्धा तास द्यायची असतात. आपल्याकडे ती बहुधा चहाबिस्किटांनंतर हातावर ठेवली जातात.

नाकातून राइल्स ट्यूब घातलेली असल्यास ती जागेवर असल्याची खात्री करून डोक्याकडील भाग ३० ते ४५ अंश वर ठेवावा. प्रत्येक औषध वेगळे द्यावे, आहारात मिसळू नये आणि आधी व नंतर १५ ते ३० मिलिलिटर पाणी सोडावे. पाण्याचे प्रमाण मर्यादित केलेल्या रुग्णासाठी मात्र डॉक्टरांना विचारावे. इसबगोलाने नळी हमखास तुंबते. सुक्राल्फेटचा आहाराशी संयोग होऊन घट्ट गोळा बनू शकतो.

अँटासिड इतर औषधांना अडवते. सिप्रोफ्लॉक्सासिन त्याच्या दोन तास आधी द्यावे, नंतर द्यायचे तर सहा तास थांबावे. मूत्रपिंड अधू असल्यास अँटासिडमधील मॅग्नेशियम व अॅल्युमिनियम शरीरात साठते.

कंपवाताच्या रुग्णाला उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देऊ नये, त्याने थरथर व ताठरपणा वाढतो. डोम्पेरिडोनचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी प्रौढांसाठी त्याची मात्रा दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित केली. जुन्या चिठ्ठीवर रॅनिटिडिन चालू असेल तर डॉक्टरांना पुन्हा विचारावे. एनडीएमए या संभाव्य कर्कजनक घटकामुळे अमेरिकेने ते एप्रिल २०२० मध्ये बाजारातून काढावयास लावले, तर भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले.

डांबरासारखे काळे शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, किंवा पोट फुगून वायूही न सरणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून त्या चालू असल्यास डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.