नांदणे आणि हुकूमनामा

ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांच्याकडे मी तीन वर्षे मराठी शिकले. हैदराबादेत राहून, घराबाहेर पाऊल टाकताच तेलुगू आणि उर्दूत शिरणाऱ्या आम्हा मुलींना बाई एकेका शब्दाचे मूळ शोधायला लावीत. ‘नांदणे’ हा शब्द त्यांनी असाच एकदा फळ्यावर लिहिला होता. संस्कृतातील ‘नन्द्’, म्हणजे आनंदणे, हे त्याचे मूळ. पुढे वकिली करू लागल्यावर हाच शब्द मला नोटिशीत भेटला: ‘सदर नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवसांचे आत नांदावयास यावे, न आल्यास...’ आनंदाची मुदत पंधरा दिवस! या एका शब्दाचा न्यायालयातील प्रवास आज आपल्यापुढे मांडावा, असे मी योजिले आहे.

तो प्रवास मुंबईत सुरू होतो. रखमाबाईंचा जन्म १८६४चा. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले आणि विधवा झालेल्या आईने, जयंतीबाईंनी, पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहास आडकाठी नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या ‘हिंदू चालीरीती’ची दुहाई पुढे या खटल्यात दिली गेली, ती सर्व जातींत एक नव्हती. पुनर्विवाह करताना जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या घरात ग्रंथ होते, पाहुणे होते, चर्चा होती. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लग्न लागल्यावरही रखमाबाई याच घरी राहिल्या, वाचू लागल्या, वैद्यक शिकण्याची इच्छा धरू लागल्या. दादाजींचे शिक्षण मात्र अर्धवट सुटले, प्रकृती ढासळली, आणि ते मामाच्या आश्रयाने राहू लागले. पती-पत्नी म्हणून दोघे एक दिवसही एकत्र राहिले नव्हते.

१८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. मागणी एवढीच की, पत्नीने आपल्या घरी येऊन राहावे असा हुकूम व्हावा. मालमत्तेचा उल्लेख दाव्यात नव्हता. पण ती कोणाच्याच मनातून गेली नसावी, असे मला वाटते.

येथे थोडे थांबून या दाव्याचे कूळ पाहिले पाहिजे, कारण सगळा घोळ तेथेच आहे. ‘दाम्पत्यहक्कांचे पुनःस्थापन’ हा उपाय धर्मशास्त्रातला नव्हे. तो इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतला. तेथे विवाह अविच्छेद्य मानलेला, घटस्फोट जवळजवळ अशक्य. तेव्हा विभक्त राहणाऱ्या जोडप्याला पुन्हा एका छपराखाली आणणे एवढाच इलाज चर्चच्या हाती होता. १८६७ साली बझलूर रहीम विरुद्ध शम्सुन्निसा बेगम या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मुसलमान पक्षकारांनाही असा दावा हिंदुस्थानात आणता येईल असे मान्य केले, आणि चर्चचा हा उपाय आपल्याकडे रुजला. रोपटे विलायतेचे; पण वीस वर्षांत लोक त्याला अंगणातली तुळस समजू लागले. त्यातही कौतुक असे की, आज्ञा मोडणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ साली, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, काढून टाकली. हिंदुस्थानच्या दिवाणी कार्यसंहितेत ती तशीच राहिली.

दावा न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे चालला. रखमाबाईंच्या बाजूच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याचे पुनःस्थापन कसले? नाकळत्या वयात लग्न लागलेल्या आणि आता सज्ञान झालेल्या स्त्रीला, तिला नकोशा वाटणाऱ्या पुरुषाच्या हवाली करणे हे क्रूरपणाचे आहे. आणि हा उपाय परदेशातून आणलेला असून हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. वादीने पत्नीची मागणी जणू घोडा किंवा बैल परत मागावा तशी केली आहे, अशा आशयाचे कडक उद्गारही त्यांनी काढले.

त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली होती, एक जूनमध्ये, दुसरे सप्टेंबरात. ती रखमाबाईंचीच होती. प्रतिवादीच्या पिंजऱ्यातली बाई स्वतःची कैफियत स्वतःच्या शब्दांत, न्यायालयाबाहेर मांडते आहे, हा प्रकार तेव्हा अपूर्व होता. वकिलांनी मांडलेला मुद्दा कायद्याचा होता. बाईंचा मुद्दा त्याहून सरळ होता: माझी संमती कोणी, केव्हा घेतली?

निकालाने महाराष्ट्र ढवळून निघाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी पिन्हे यांच्यावर कठोर टीका केली. परक्या न्यायाधीशाने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, हा तिचा सूर. परकी सत्ता समाजाचे नियम बदलू लागली तर उद्या ती कोठे थांबेल, ही शंका अगदीच पोकळ नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याचे रक्षण धर्म म्हणून चालले होते तो उपाय मुळात इंग्लंडच्या चर्चचा होता, आणि हे सांगणारा न्यायाधीश इंग्रज होता. या विसंगतीकडे त्या काळच्या थोर बुद्धिमंतांचेही दुर्लक्ष झाले, याचे मला आजही नवल वाटते.

अपिलात, मार्च १८८६मध्ये, मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निवाडा रद्द करून दावा फेरसुनावणीस पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला: एक महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद. रखमाबाईंनी कळविले की त्या कैद पत्करतील. बावीस वर्षांच्या मुलीने दिलेल्या या उत्तरापुढे सरकारचीही पंचाईत झाली, कारण हुकूम अमलात आणून तिला तुरुंगात नेण्याची शोभा कोणालाच नको होती. बेहरामजी मलबारी, प्राचार्य वर्ड्स्वर्थ प्रभृतींनी बचाव समिती उभारली. दादाजींनी आपली बाजू सांगणारी पुस्तिका काढली, रखमाबाईंनी तिला उत्तर दिले. अखेर जुलै १८८८मध्ये तडजोड झाली: दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली.

व्हिक्टोरिया राणीने आपल्या अधिकारात हे लग्न मोडले, अशी कथा अजूनही सांगितली जाते. ती खरी नव्हे. लग्न कोणीच मोडले नाही. मोडण्याची सोय कायद्यात नव्हती. दादाजींनी दुसरे लग्न केले, तशी त्यांना मुभा होती. रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ साली ब्रुसेल्सची एम.डी. झाल्या आणि सुरतेला, पुढे राजकोटला, स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी जन्मभर काम केले. १९०४ साली दादाजी वारल्याचे कळल्यावर त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. ज्या नात्याला त्यांनी न्यायालयात नाकारले, त्याचे सुतक त्यांनी का पाळले? मला याचे उत्तर ठाऊक आहे असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की, ज्यांना आपण नमुन्याच्या बंडखोर बाया हव्या असतात, त्यांना ही पांढरी साडी अडचणीची वाटते. मला ती वाटत नाही.

१९२३ साली कार्यसंहितेत दुरुस्ती होऊन या हुकूमनाम्यासाठी कैदेची शिक्षा गेली. मालमत्तेची जप्ती राहिली. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी आला. त्याने घटस्फोट दिला, द्विभार्याप्रतिबंध केला, आणि कलम ९ मध्ये तोच जुना उपाय, पती-पत्नी दोघांनाही खुला ठेवून, जतन केला. रखमाबाईंचे निधन त्याच वर्षी २५ सप्टेंबरला झाले.

आता आपल्या गावाकडे येते. मुसीकाठच्या त्या लाल-गुलाबी दगडांच्या इमारतीत, तेव्हाच्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात, १९८३च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी सरिता विरुद्ध वेंकट सुब्बय्या या प्रकरणात निकाल दिला. मूळ वाद कडप्प्याच्या न्यायालयास अधिकार आहे की नाही एवढाच होता. पण न्यायमूर्ती मुळाशी गेले. कोणाशी संग करावा, मूल केव्हा आणि कोणाकडून व्हावे, हा निर्णय बाईच्या हातून काढून राज्याच्या हाती देणारे कलम घटनेच्या १४ आणि २१ या अनुच्छेदांचा भंग करते, असे ठरवून त्यांनी कलम ९ घटनाबाह्य ठरविले. कायदा दोघांना सारखा असला तरी त्याचा भार स्त्रीवरच पडतो, हेही त्यांनी नोंदविले. मी तेव्हा नवखी वकील. निकालाची प्रत आम्ही हातोहात वाचली. पिन्हे यांच्यानंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी कोणीतरी तेच म्हणत होते, आणि या वेळी त्यांच्या हाती संविधान होते.

आनंद वर्षभर टिकला. त्याच साली दिल्ली उच्च न्यायालयाने उलट मत दिले. घरात घटनेचा कायदा आणणे म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणे, अशी उपमा तेथे वापरली गेली. ऑगस्ट १९८४मध्ये सरोजराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ९ वैध ठरविले आणि आमचा हैदराबादचा निकाल चुकीचा ठरला. या खटल्याची हकीकतच उपायाचा खरा उपयोग सांगते. दावा पत्नीने लावला होता. पतीने तो कबूल करून हुकूमनामा होऊ दिला. एक वर्ष एकत्र नांदणे झाले नाही, आणि त्याच हुकूमनाम्याच्या आधारे त्याने घटस्फोट मिळविला. व्यवहारात कलम ९ चा अर्ज एक तर घटस्फोटाची पहिली पायरी असतो, नाहीतर पोटगी बुडविण्याची ढाल. ढाल बरीच उशिरा, जानेवारी २०२५मध्ये, पातळ झाली: पुनःस्थापनाचा हुकूमनामा पाळला नाही एवढ्यावरून पत्नीची पोटगी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याआधी २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला, आणि २०१९ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांनी कलम ९ ला आव्हान देणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. इंग्लंडने तर हा उपाय १९७० च्या कायद्याने केव्हाच मोडीत काढला आहे.

पण मला सांगायचे आहे ते १९८४चे. माझ्या ज्येष्ठ वकिलांकडे एक मराठी बाई पक्षकार होत्या. मार बसत होता म्हणून भावाकडे आलेल्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या. नवऱ्याने नांदावयास येण्याचा अर्ज केला होता. आम्ही सरिता निकाल दाखल केला, आणि ‘आता काळजी नको’ असे मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितले. दिल्लीचा निकाल आल्यावर त्यांना बोलावून नवी परिस्थिती सांगण्याचे कामही माझ्याकडेच आले. त्यांनी शांतपणे ऐकले.

“मग आता मला ओढून नेतील?”

“नाही. कोणी हात लावू शकत नाही. तुरुंगही नाही. हुकूम झाला आणि पाळला नाही, तर फार तर जप्ती.”

“कशाची?”

“तुमच्या मालकीचं जे असेल त्याची.”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्याकडं एक मशीन आहे, बाई. हप्त्यानं घेतलेलं.”

मी कपाटातून दिवाणी कार्यसंहिता काढली आणि कलम ६० त्यांना मराठीत समजावून सांगितले: कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत.

“आणि कात्री?”

“कात्रीही नाही,” मी म्हटले.