कंपायलरवरचा आळ

जावा शिकवणाऱ्यांमध्ये एक मत चांगलंच रुजलं आहे: एररचा मजकूर वाचत बसू नका, ओळीचा क्रमांक पाहा आणि चूक आपली आपण शोधा. पुरावा म्हणून हमखास एकच उदाहरण दिलं जातं. फॉर लूपच्या कंसापुढे महिरपी कंस न उघडता थेट ‘इंट दुप्पट = आय * 2;’ लिहिलं, की जुना जावा कंपायलर म्हणायचा ‘डॉट क्लास एक्स्पेक्टेड’ आणि मागोमाग ‘नॉट अ स्टेटमेंट’. इथे क्लासचा काय संबंध, असं विचारून कंपायलरला वेड्यात काढलं जातं.

संबंध आहे. जावाच्या अधिकृत विनिर्देशातलं 14 वं प्रकरण काढून पाहावं. लूपच्या पोटात ‘स्टेटमेंट’ बसतं, आणि लोकल व्हेरिएबलचं डिक्लरेशन त्या वर्गात मोडतच नाही; त्याला ब्लॉक लागतो. म्हणजे त्या जागी पार्सर डिक्लरेशनची वाटच पाहत नव्हता. समोर ‘इंट’ आला, तेव्हा हे एखादं एक्स्प्रेशन असणार असं त्याने धरलं. तेव्हाच्या व्याकरणात इंटने सुरू होणारं एक्स्प्रेशन शेवटी ‘डॉट क्लास’वरच जायचं, म्हणून त्याने तेच मागितलं. इंटच्या जागी स्ट्रिंग लिहा, ही मागणी नाहीशी होते. कारण स्ट्रिंग हे पार्सरच्या लेखी नुसतं एक नाव आहे आणि नावाने सुरू होणारी एक्स्प्रेशनं कितीतरी. मजकूर बदलला तो कारणाने बदलला.

नवशिक्याने एवढं ओळखायचं कसं, हा आक्षेप मात्र रास्त आहे. अलीकडचा कंपायलर म्हणूनच सरळ सांगतो, ‘व्हेरिएबल डिक्लरेशन नॉट अलाउड हिअर’. पण मजकूर वाचूच नये, हे त्यातून कुठे सिद्ध होतं?

दुसरा पक्ष म्हणतो, ही बंदीच निरर्थक आहे. सी प्लस प्लसमध्ये हेच चालतं. चालतं खरं, पण तिथे ते व्हेरिएबल त्याच ओळीवर जन्मतं आणि त्याच ओळीवर संपतं. आता समजा, जावाने हे चालू दिलं असतं आणि क्लासमध्ये ‘दुप्पट’ नावाचं एक फील्डही आहे. कंस विसरलेल्या माणसाने पुढच्या ओळीवर दुप्पट छापायला सांगितलं, तर लूप संपल्यावर एकदाच, तेही फील्डमधलं मूल्य छापलं गेलं असतं. एरर नाही, इशारा नाही, फक्त चुकीचं उत्तर. असला दोष शोधायला किती वेळ जातो, हे ज्याने तो शोधलाय त्याला विचारावं. ही बंदी मला म्हणूनच मोलाची वाटते.

‘माइट नॉट हॅव बीन इनिशियलाइज्ड’ या एररवरही असाच राग असतो. एन मध्ये 5 आहे, ‘व्हाइल (एन > 0)’च्या आत एक्सला मूल्य देऊन लगेच ब्रेक केलंय, मग बाहेर एक्स वापरताना तक्रार कशाची? विनिर्देशाचं 16 वं प्रकरण याचं उत्तर देतं: एक्सला मूल्य मिळालंच असेल का, हे ठरवताना कंपायलर साध्या व्हेरिएबलमधली मूल्यं धरत नाही, फक्त स्थिर एक्स्प्रेशनं धरतो. त्याच्या हिशेबी ती अट पहिल्याच फेरीला खोटी ठरू शकते. पडताळा अगदी सोपा आहे. एनच्या डिक्लरेशनआधी ‘फायनल’ लिहा, बाकी एक अक्षरही बदलू नका. तोच प्रोग्राम कंपाइल होतो.