पाणबुड्याचा श्वास

बेळगाव-निपाणीचा आपला मुलूख घाटमाथ्याचा. तथापि आंबोलीचा घाट उतरले की मालवणचा समुद्र फार दूर राहत नाही. तेथे सिंधुदुर्गाजवळ एकदा बुडी मारून आलेला तरुण परततो तो बहुधा सारे साहित्य विकत घेण्याचा संकल्प करूनच. त्याने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी या साहित्याचा इतिहास जाणून घ्यावा.

एकोणिसाव्या शतकातील पाणबुडा धातूचे शिरस्त्राण घालून उतरे. त्याचा श्वास नळीने नावेवरील पंपाशी बांधलेला असे. हे बंधन १९४३ साली फ्रान्समध्ये तुटले. महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाल्याने मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप सिद्ध केली होती. नौदल अधिकारी झाक कूस्तो याच्या साहाय्याने तीच पाणबुड्याच्या कामी आली. पाठीवरील नळकांड्यातील हवा ती श्वासागणिक, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने देऊ लागली. यासच रेग्युलेटर म्हणतात.

या शोधाचे फळ आपल्या तीर्थक्षेत्रापर्यंत पोहोचले. १९८३ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतर्फे डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात उत्खनन झाले. घडीव दगड व तीन छिद्रांचे दगडी नांगर आढळले. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्या वादास पुरावा मिळाला तो पाण्याखाली शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसांमुळेच.

आता खरेदीचा क्रम. प्रथम घ्यावा तो मुखवटा, कारण तो ज्याच्या त्याच्या चेहऱ्यास बसावा लागतो. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हवा ओढावी. हात सोडल्यावरही तो टिकला तर योग्य. पोहण्याचा चष्मा येथे निरुपयोगी. त्यात नाक झाकले जात नाही, म्हणून आतला दाब सारखा करता येत नाही. मागाहून पायांचे पंख घ्यावेत. रेग्युलेटर व नळकांडे मात्र शिक्षण पुरे होईपर्यंत भाड्यानेच वापरावे. त्यांची वेळोवेळी तपासणी लागते.

दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे घेतलेला श्वास कोंडून वर आल्यास हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नये’ हा पहिला धडा. गान्यांची झडप हवा देते. हा धडा मात्र गुरूकडूनच मिळतो, आणि तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.