वाघ मोजणारी नजर

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटात शिरला, की सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. सागाच्या जंगलातले, कोरकू वस्तीचे हे गाव. इथे मुक्कामाला येणारा पाहुणा हमखास विचारतो, ‘इथे वाघ किती?’ मीही विचारले आहे. प्रश्न तीन शब्दांचा. पण त्याचे खरे उत्तर देण्यासाठी माणसाला पाहण्याची रीतच बदलावी लागली. त्या बदलाविषयी आज थोडे बोलू या.

वाघ मोजण्याची जुनी रीत पावलांच्या ठशांची. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ती बसवली. नदीच्या वाळूत, पायवाटेच्या फुफाट्यात वाघाच्या मागच्या डाव्या पंजाचा ठसा शोधायचा, त्यावर काच धरून बाहेरची रेष उतरवून घ्यायची आणि मग ठसे ताडून वाघ किती ते ठरवायचे. १९७२ च्या देशव्यापी गणनेत असे १,८२७ वाघ भरले. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता.

या कामाचा सारा भार माग काढणाऱ्यांच्या डोळ्यांवर. ठशाची कड ताजी आहे की ढासळली, त्यावर दव पडले आहे की नाही, यावरून जनावर कधी आणि कुठे गेले ते जंगलातला जाणता माणूस सांगतो. मेळघाटात ही विद्या कोरकूंच्या घरात आहे. ती शाळेत मिळत नाही.

मग चुकले कुठे? हा प्रश्न उल्लास कारंथ यांनी धरून ठेवला. कन्नड साहित्यिक शिवराम कारंथ यांचे हे चिरंजीव, शिक्षणाने इंजिनिअर. ऐंशीच्या दशकात त्यांनी पिंजऱ्यातल्या मोजक्या वाघांचे ठसे उतरवले आणि अनुभवी अधिकाऱ्यांपुढे ठेवले. हे किती वाघांचे, ते सांगा म्हणाले. बरोबर आकडा कोणालाच सांगता आला नाही. तोच वाघ चिखलात वेगळा ठसा उमटवतो, वाळूत वेगळा. चालताना वेगळा, धावताना वेगळा. वाघ इथून गेला, एवढे ठसा नक्की सांगतो. कोणता वाघ गेला, ते त्याच्याकडून वदवून घेणे हा त्याच्यावर आणि माग काढणाऱ्यावरही अन्याय होता.

हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात हा फरक मांडला होता. डोळ्यांतून किरण बाहेर पडत नाहीत, उजेड वस्तूवरून डोळ्यांत येतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. आणि पाहणे तिथेच संपत नाही, असेही ते म्हणाले. आत आलेले चित्र मन आधीच्या आठवणींशी ताडते, तेव्हा ओळख पटते. म्हणूनच डोळा धडधाकट असूनही ओळख चुकू शकते.

वाघाची पक्की ओळख त्याच्या अंगावरच असते. पट्ट्यांची नक्षी जन्मापासून बदलत नाही आणि दोन वाघांची सारखी नसते. गंमत अशी, की हे पट्टे असतात लपण्यासाठी. हरणांच्या डोळ्यांना नारिंगी आणि हिरवा हे रंग वेगळे कळत नाहीत. म्हणून आपल्याला भडक दिसणारा वाघ सांबराला झाडोऱ्यातच मिसळलेला वाटतो, हे ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या आधारे दाखवले. जे पट्टे सांबराला फसवतात, तेच कॅमेऱ्यापुढे वाघाचे नाव सांगतात.

वाघाने स्वतःचा फोटो स्वतःच काढावा ही युक्ती तशी जुनी. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात वाटेवर तार बांधून रात्रीचे वाघ टिपले होते. कारंथांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळेमध्ये तिला गणिताची जोड दिली. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावले. समजा, पहिल्या खेपेस दहा वाघ टिपले गेले. दुसऱ्या खेपेस पुन्हा दहा, पण त्यांतले पाचच आधीचे. म्हणजे जंगलातले निम्मेच वाघ आपल्याला दिसतात. एकूण वीसच्या आसपास असावेत. हिशेबाचे मूळ तत्त्व हे. न दिसलेल्या वाघांचाही यात विचार होतो. १९९५ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पुढे ११ जंगलांचा त्यांचा अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात मेळघाटही होते. जिथे सांबर, चितळ, गवे जास्त तिथे वाघ जास्त, हे त्यातून आकड्यांनिशी दिसले.

त्याच सुमारास राजस्थानातील सरिस्काचा धक्का बसला. कागदावर वाघ होते. २००५ मध्ये शोधले तर एकही नव्हता. जुन्या रीतीने २००१-०२ मध्ये देशात ३,६४२ वाघ सांगितले होते. नव्या पद्धतीचा पहिला आकडा २००८ मध्ये जाहीर झाला, तो १,४११. २०१८ च्या मोजणीत तर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या घरात छायाचित्रे निघाली. आता पट्टे ताडायला संगणक आहे. तरी वाद मिटलेले नाहीत. सरकारी मोजणीतल्या गणितावर खुद्द कारंथांनीही आक्षेप घेतले.

पण कॅमेरा नेमका कोणत्या झाडाला बांधायचा? वाघ कोणत्या वाटेने पाणवठ्यावर उतरतो? हे संगणक सांगत नाही. तिथे अजूनही ठसा ओळखणारा माणूसच लागतो. त्याची नजर बाद झाली नाही, तिला तिचे खरे काम मिळाले.

आकडा खरा असणे मेळघाटाला का महत्त्वाचे, तेही सांगायला हवे. वाघासाठी इथली बोरी, कोहा, कुंड ही गावे उठली. माणसांनी शेत सोडले, देव सोडले, पूर्वज पुरलेली जमीन सोडली. त्यांनी जागा कोणासाठी रिकामी केली, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. त्या प्रश्नाला सांगोवांगीचे उत्तर चालणार नाही.