मूत्राशय काढल्यानंतरचा थकवा

मूत्राशय काढल्यानंतरचा थकवा : मूत्राशयाच्या कर्करोगासाठी संपूर्ण मूत्राशय काढून टाकल्यावर कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत कित्येक महिने टिकणारी आणि झोपेने न भरून निघणारी दमणूक. केलेल्या कामाच्या मानाने ती फार मोठी असते. आंघोळ करून आलेला माणूस कपडे घालण्याआधी पलंगावर टेकतो, भेटायला आलेल्यांशी वीस मिनिटे बोलला की त्याला पडून राहावेसे वाटते. टाके सुकले, भूक थोडी परतली, अहवाल चांगला आला, तरी हा थकवा जात नाही. म्हणून घरचे चक्रावतात आणि रुग्ण स्वतःलाच आळशी समजू लागतो.

थकवा इतका का येतो हे कळायला शस्त्रक्रियेचा आवाका पाहावा लागतो. पुरुषांत मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी आणि शुक्राशये काढतात. स्त्रियांत बहुधा गर्भाशय, बीजांडे आणि योनीच्या पुढच्या भिंतीचा काही भागही जातो. दोघांच्याही ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी काढल्या जातात. एवढे झाल्यावर लघवीला नवी वाट करून द्यायची असते, आणि त्यासाठी लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा करून उरलेले आतडे पुन्हा जोडतात. म्हणजे एकाच भुलीत दोन मोठ्या शस्त्रक्रिया होतात. जर्मनीत कोलोन येथे बार्डेनहॉयर यांनी १८८७ मध्ये पहिल्यांदा संपूर्ण मूत्राशय काढले, तेव्हा लघवीच्या वाटेचा प्रश्न सुटलेला नव्हता. तो रुग्ण दोन आठवड्यांत दगावला. अमेरिकी शल्यविशारद यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये रूढ केलेली पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे. तीत आतड्याच्या सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या तुकड्यातून लघवी पोटावर केलेल्या छिद्रावाटे, म्हणजे स्टोमावाटे, पिशवीत येते. दुसऱ्या पद्धतीत ४० ते ६० सेंटिमीटर आतडे उभे चिरून, शिवून त्याचे नवे मूत्राशय तयार करतात आणि ते मूत्रमार्गालाच जोडतात. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील उर्स श्टूडर यांचे नाव या पद्धतीशी कायमचे जोडले गेले आहे.

शस्त्रक्रियेनंतर सारे सुरळीत होणारे रुग्ण कमी असतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने ११४२ रुग्णांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार पहिल्या ९० दिवसांत ६४ टक्के रुग्णांना लहानमोठी एक तरी गुंतागुंत झाली होती. आतडे काही दिवस थंड पडणे, लघवीचा जंतुसंसर्ग, जखम चिघळणे यांतल्या प्रत्येक प्रसंगाने बरे होण्याची तारीख पुढे ढकलली जाते.

प्रसिद्ध माणसांच्या बातम्यांमुळे मात्र भलताच समज होतो. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांचे मूत्राशय ऑक्टोबर १९७६ मध्ये काढले आणि पुढच्याच महिन्यात ते सिनेटवर पुन्हा निवडून आले. निवडणूक जिंकणे आणि न थांबता दोन जिने चढणे यांत फरक आहे, तो बातमीत येत नाही. (हम्फ्री जानेवारी १९७८ मध्ये याच आजाराने वारले.) त्या मानाने अमेरिकी फुटबॉलमधील नामवंत खेळाडू आणि प्रशिक्षक डियॉन सँडर्स यांनी २०२५ मध्ये अधिक उघडपणे सांगितले. आतड्याचे नवे मूत्राशय बसवल्यावर वजन सुमारे २५ पौंडांनी, म्हणजे अकराएक किलोंनी उतरल्याचे आणि लघवीवर ताबा राहत नसल्याचे त्यांनी पत्रकारांसमोर बोलून दाखवले. आयुष्यभर शरीर कमावलेल्या माणसाची ही गत असेल, तर सत्तरीच्या निवृत्त कारकुनाने दुसऱ्या महिन्यात धाप लागते म्हणून शरमण्याचे कारण नाही.

हा थकवा एकाच कारणाने येत नाही, आणि उपचारातली बहुतेक चूक तो एकच आहे असे धरल्याने होते. त्यातला एक भाग सगळ्यांच्याच वाट्याला येतो. मोठ्या जखमेला शरीर दाहाने उत्तर देते, ताणाची संप्रेरके वाढतात आणि प्रथिनांची गरज भागवण्यासाठी स्नायू मोडले जातात. रक्तस्राव झालेला असतो. अनेकांना शस्त्रक्रियेआधी सिस्प्लॅटिन या औषधाची केमोथेरपी दिलेली असते, म्हणजे रक्त आणि ताकद आधीच कमी झालेली असते. त्यात अंथरुणाची भर पडते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बारा धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडले. त्यांच्यावर ना शस्त्रक्रिया झाली होती, ना त्यांना कर्करोग होता.

थकव्याचा दुसरा भाग लघवीच्या नव्या वाटेतून येतो. आतड्याचे काम शोषून घेण्याचे, आणि लघवी साठवायला दिली तरी ते आपली सवय सोडत नाही. लघवीतले क्लोराइड आणि अमोनियम ते पुन्हा रक्तात घेते, त्यामुळे रक्तातील आम्लता वाढते. याची लक्षणे म्हणजे गळून जाणे, भूक मरणे, मळमळ, वजन उतरणे. शस्त्रक्रियेनंतर कोणालाही होईल अशी ही लक्षणे असल्याने ती सहज नजरेआड होतात. रक्ततपासणीत बायकार्बोनेट कमी निघाले की सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या सुरू करतात आणि काही रुग्णांना थोड्याच दिवसांत हुशारी येते. नव्या मूत्राशयात लघवी जास्त वेळ थांबते, म्हणून तिथे हा धोका अधिक, विशेषतः लघवीसाठी घातलेली नळी काढल्यानंतरच्या आठवड्यांत.

याच काळात आतड्यातून मीठही वाहून जाते. बर्नच्या उपचारपद्धतीत म्हणूनच रुग्णाला रोज वजन करायला, दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी प्यायला आणि जेवणात मीठ वाढवायला सांगतात. वजन घसरत असेल आणि माणूस मलूल होत असेल, तर मीठ-पाणी कमी पडते आहे असा संशय घेतात. ज्या घरात रक्तदाबामुळे वीस वर्षे पानात मीठ वाढलेले नाही, तिथे हा सल्ला चमत्कारिक वाटणार. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळूही नये. पण जुनी सवय म्हणून अळणी जेवत राहणे या रुग्णांना महागात पडू शकते.

झोपेचा हिशेब शस्त्रक्रियेआधी फारसा कोणी मांडून दाखवत नाही. पिशवी असलेल्या रुग्णाला रात्री नळीने मोठी पिशवी जोडता येते, त्यामुळे तो सलग झोपू शकतो. नवे मूत्राशय असलेल्याला भरल्याची नेहमीची जाणीव होत नाही. सुरुवातीला दिवसा दर दोन तासांनी आणि रात्रीही गजर लावून उठावे लागते, मग हळूहळू अंतर तीन-चार तासांपर्यंत वाढवत नेतात. रात्री अंथरूण ओले होण्याची धास्ती वेगळीच. पोटावर पिशवी नको म्हणून दुसरा पर्याय निवडणारे बरेच जण असतात. तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, पण त्याची किंमत काही महिने तुटक झोपेने चुकती करावी लागते. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची ठेवली तर रात्रीच्या झोपेत ती आडवी येत नाही.

आता काय करायचे याकडे. मराठी घरातली पहिली आज्ञा असते, ‘पडून राहा.’ ती प्रेमापोटी असते आणि बहुतांशी चुकीची असते. रुग्णालयात दुसऱ्या दिवसापासून चालवतात, ते घरी आल्यावर थांबवायचे नसते. एकदम अर्धा तास फिरण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटे चालणे, मग आठवड्यागणिक वेळ वाढवणे बरे. चालताना बोलता आले पाहिजे, एवढे माप पुरते. व्यायामाचा सल्ला अंदाजपंचे दिलेला नाही. कर्करोगातील थकव्यावरच्या ११३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले. स्टॉकहोममध्ये मूत्राशय काढलेल्या १८ रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत बारा आठवडे गटाने व्यायाम करणाऱ्यांचे चालणे सुधारले. संख्या लहान आहे, पण याच शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचे असे काम थोडेच असल्याने ते नोंदवण्याजोगे.

वजन उचलण्याला मात्र सक्त मनाई असते. साधारण सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलू देत नाहीत, म्हणजे भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, नातवंड, सगळेच बाद. पोटाची शिवण आणि स्टोमाभोवतीचा भाग यांत हर्निया होण्याची भीती त्यामागे आहे.

बरे वाटले त्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस निजून काढायचे, ही अनेकांची रीत. त्यावर उतारा कंटाळवाणा आहे: चांगल्या दिवशीही काम हात राखून करणे. कोणत्या वेळी किती दमायला होते ते शून्य ते दहा अशा आकड्यात आठवडाभर वहीत लिहिले की दिवसातले बरे तास सापडतात, आणि पिशवी बदलणे, आंघोळ, बँकेचे काम अशी कामे त्या वेळी ठेवता येतात. आंघोळीला स्टूल, भाजी चिरायला खुर्ची. भेटीला येणाऱ्यांची वेळ ठरवून देणे सर्वांत अवघड, कारण चहा न घेता जा असे म्हणण्याची आपल्याकडे सोय नाही. ते काम रुग्णाने नव्हे, घरातल्या दुसऱ्या कोणी अंगावर घ्यावे.

आजारी माणसाचे म्हणून जे जेवण मानले जाते, ते पहिल्या काही दिवसांपुरते ठीक. पेज, साबुदाण्याची खीर, चहा-बिस्किटे यांत प्रथिने नावापुरती. शस्त्रक्रियेनंतर दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, घट्ट वरणाच्या वाटीतही साधारण तेवढेच. तीन वेळच्या भरपेट जेवणाऐवजी सहा लहान खाणी, प्रत्येकात दही, पनीर, अंडे, मासळी, उसळ यांपैकी काहीतरी, असे केले तर गणित जमते. मूत्रपिंडे अधू असतील तर आकडा आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावा लागतो.

रोबोटच्या साह्याने केलेल्या शस्त्रक्रियेने थकवा टळतो का, असे हमखास विचारले जाते. ब्रिटनमधील नऊ केंद्रांनी ३३८ रुग्णांवर केलेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या ९० दिवसांपैकी रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस रोबोटच्या गटात ८२ आणि पोट उघडून केलेल्या गटात ८० भरले. पाचव्या आठवड्यात रोबोटचे रुग्ण बरे होते, बाराव्या आठवड्यानंतर फरक उरला नाही. फायदा आहे, पण जाहिरातीइतका नाही.

काही थकवा वाट पाहण्याचा नसतो. अचानक लागलेली धाप, एका पोटरीला सूज, थंडी वाजून ताप, लघवी एकाएकी कमी होणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, कारण फुप्फुसात अडकलेली गुठळी किंवा मूत्रपिंडापर्यंत पोचलेला संसर्ग आधी थकव्याच्या रूपानेच दिसू शकतो. गुठळ्यांच्या भीतीनेच घरी सोडल्यावरही हेपरिनच्या प्रकारातली इंजेक्शने सुमारे चार आठवडे चालू ठेवतात. मन कशातच रमत नाही आणि पहाटे जाग येते, असा थकवा नैराश्याचाही असू शकतो. बीजांडे काढलेल्या स्त्रीला एका रात्रीत रजोनिवृत्ती आलेली असते. तिचा घाम, तिची उडालेली झोप यांना निव्वळ शस्त्रक्रियेचा अशक्तपणा म्हणून गप्प बसवू नये.

स्टोमा असलेल्यांना पिशवी गळेल या भीतीनेही थकायला होते. बाहेर जाणे टळते आणि चालणेही. टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी स्टोमाची खास परिचारिका असते आणि मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांना मदत करणारी संस्था आहे. पिशवी नीट बसायला शिकवणे हासुद्धा थकव्यावरचा उपचारच आहे.

सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत घरातली हलकी कामे जमू लागतात, तीन महिन्यांत बैठे काम, आणि पूर्वीची ताकद येईपर्यंत सहा महिने ते वर्ष जाते. त्यानंतर, कधी तीन-चार वर्षांनी, थकवा नव्याने आला तर त्याचे कारण बहुधा वेगळे असते. जीवनसत्त्व बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. शल्यविशारद तो भाग शक्यतो राखतात, पण जवळचे आतडे वापरले गेलेले असते आणि यकृतातला साठा वर्षानुवर्षांनी संपतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी शहरी व ग्रामीण मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व मुळातच कमी आढळले. शाकाहारी रुग्णाची सुरुवातच अशी तळाच्या साठ्याने होत असेल, तर शस्त्रक्रियेआधी एकदा आणि नंतर दरवर्षी बी-१२, क्रिएटिनिन आणि बायकार्बोनेट तपासतात, आणि बी-१२ कमी निघाल्यास ते इंजेक्शनने भरून काढतात.